मोठ्या शिडाचं कापड

"शिडासाठी कापड?" आयुबभाईंचा कापड मोजणारा हात हवेतच थांबला. "मास्तर, तुळजापुरात प्यायच्या पाण्याची बोंब, अन् तुम्ही जहाज काढलं व्हय?"

मार्तंड संकोचला. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या या तरुणाने समुद्र कधी पाहिला नव्हता. पण शाळेच्या प्रदर्शनासाठी त्याने सागवानात हातभर लांबीचे गलबत कोरले होते. डोलकाठ्या उभ्या राहिल्या होत्या, आणि आता त्या लाकडाला वाऱ्याची तहान लागली होती. मांजरपाटाचे टोक बोटांत चाचपत तो म्हणाला, "लहानसंच आहे... हे चालेल."

"चालेल. पण पडदा लावल्यासारखं दिसेल," शेजारून कुणीतरी म्हणाले.

तो वळला. हातात दोऱ्याची रिळे घेऊन चंद्रप्रभा उभी होती. शाळेतले कारकून वसंतराव यांची मुलगी. मुलींना शिवण शिकवणारी. तिच्या डोळ्यांत माघातल्या उन्हासारखे एक कोवळे, खट्याळ तेज होते.

"एवढ्याशा गलबतावर हा धागा दोरखंडासारखा दिसेल, मास्तर. शिडाला जुनं होऊन मऊ पडलेलं, झिरझिरीत कापड हवं."

"तसं... मिळेल कुठं?"

"विकत नाही मिळायचं." तिने रिळे आयुबभाईंपुढे ठेवली. "गलबत घरी आणा. संध्याकाळी बाबा असतात."

बाबा असत, पण वर्तमानपत्राच्या आड; आई स्वयंपाकघरात. बालाघाटाचा कोरडा वारा ओसरीवरून आत येई आणि दिव्याच्या ज्योतीला हलकेच वाकवी. माजघरात चंद्रप्रभा शिडे बेतत असे. खरे शीड अखंड नसते, अरुंद पट्टे जोडून शिवतात, हे मार्तंडने पुस्तकात वाचले होते. तिने ते पट्टे मुंगीच्या पावलांएवढ्या टाक्यांनी जोडले. कडांना पिळाचा दोर शिवला, चहाच्या पाण्यात त्यांना खाऱ्या वाऱ्याचा रंग दिला. मग खळीत बुडवून एकेक शीड पालथ्या तांब्यावर वाळत घातले. सकाळी ते उचलले, तर प्रत्येकाच्या पोटात वारा भरलेला!

निशाण मात्र मार्तंडने स्वतः चिकटवले. चंद्रप्रभा पदर तोंडाशी धरून हसू लागली.

"शिडं पुढं फुगलीत, अन् निशाण मागं उडतंय! तुमच्या समुद्रावर दोन वारे वाहतात का?"

"माझ्या समुद्रावर," तो हळूच म्हणाला, "अलीकडे काय वाटेल ते होतं."

तिने सुईत दोरा ओवायला घेतला. बराच वेळ तो ओवला गेला नाही.

"चंद्रा, उरक आता ते," ओसरीवरून वसंतराव म्हणाले. "रविवारी लातूरची मंडळी येतायत. पसंती कळवलीच आहे त्यांनी. आपण फक्त हो म्हणायचं."

मार्तंडच्या हातातला दोर सैल पडला. हंगामी नेमणुकीचा मास्तर. मागणी घालायची ती कशाच्या बळावर? रोज संध्याकाळी एक वाक्य त्याच्या ओठांपर्यंत येई, आणि घाटात विरणाऱ्या ढगासारखे न बरसताच परत जाई. चंद्रप्रभा मधूनच मान वर करून पाही... जणू त्याच वाक्याची वाट पाहत. मग पुन्हा खाली बघून टाके घाली.

शनिवारी मोठे शीड चढले. गलबत एकदम जिवंत झाले. आता माजघरातून निघेल आणि भिंतीपलीकडे दिसेनासे होईल, असे वाटावे. मार्तंड भारावून पाहत राहिला. एवढ्यात शिडाच्या खालच्या कोपऱ्यात त्याला फिकट लाल छटा दिसली.

"इथं डाग राहिलाय. चहाचा नाही हा."

"नाही."

"मग?"

"कुंकवाचा." तिची नजर गलबतावरून ढळली नाही. "स्वस्तिक होतं तिथं. आईबाबांच्या लग्नातला अंतरपाट आहे तो. माझ्या लग्नात धरायला आईनं जपून ठेवला होता."

"आणि तुम्ही तो... कापलात?"

"तुम्ही मांजरपाट घेऊन निघाला होता ना," ती म्हणाली. आवाजात हसू होते, पण पापण्या ओल्या होत्या. "आता उद्या लग्न ठरलं अन् आईनं तो मागितला, तर तिला काय सांगू, ते तुम्हीच ठरवा."

मार्तंड उठला. ओसरीच्या उंबऱ्याशी त्याचे पाय किंचित अडखळले. मग शब्द मात्र अडखळले नाहीत.

"वसंतराव, लातूरकरांना हो म्हणू नका. माझी नोकरी कच्ची आहे, ठाऊक आहे मला. तरी चंद्रप्रभेला मी मागणी घालतोय."

वसंतरावांनी वर्तमानपत्राची सावकाश घडी घातली. चष्मा काढून पुसला. आतले सारे बोलणे त्यांच्या कानावर गेले असावे. कारण मिशीच्या टोकाशी काहीतरी थरथरत होते, आणि तो राग नव्हता.

"असं म्हणता? पण मास्तर, अंतरपाट तर तुमच्या गलबतानं नेला. आता बोहल्यावर दोघांच्या मधे धरायचं काय?"

उत्तर दाराआडून आले.

"काही धरू नका, बाबा. इतके दिवस मास्तरांचं मौन होतंच की मधे!"