भिंतीतली तिरपी खिडकी

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी हेस्टर गावच्या चर्चचा आराखडा काढायला निघाली, तेव्हा धाकट्या बहिणीला तिनं जवळजवळ ओढतच सोबत नेलं. नवरा गेल्यापासून ऑलिव्ह घराबाहेर पडत नव्हती, रात्र रात्र जागी असायची.

"तुझ्या खांबांतलं मला काय कळतंय?" ऑलिव्ह म्हणाली.

"कळायला नकोच. मापाच्या फितीचं टोक धर नि गप्प उभी राहा. तेवढं तर जमेल?"

आत ओल्या दगडाचा आणि विझलेल्या मेणबत्त्यांचा वास होता. जाडजूड गोल खांब, त्यांच्यावर जोडलेल्या हातांसारख्या टोकदार कमानी, आणि पुढे वेदीचा भाग झोपेत मान कलंडावी तसा किंचित एका बाजूला झुकलेला. खिडक्यांच्या काचांना बाहेरून धुकं टेकलं होतं. सगळं चर्च पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं.

वेदीजवळच्या भिंतीत एक अरुंद, तिरपी खिडकी होती. ऑलिव्ह तिच्यापाशी थांबली.

"पलीकडे पूर्वी कोठडी होती," हेस्टर म्हणाली. "एक बाई राहायची. तिला आत घेऊन दार चिणून टाकलेलं. इथून वेदी दिसायची, तेवढंच."

"कायमची?"

"मरेपर्यंत. कोठडी केव्हाच पाडली, खिडकीही बाहेरून बुजवलीय."

"जबरदस्तीनं कोंडलं तिला?"

"नाही गं. तिनंच मागून घेतलेलं, प्रार्थनेत आयुष्य काढायला."

हेस्टर खांब मोजायला मागे गेली. मापं लिहिता लिहिता तिच्या कानावर कुजबुज आली... एक आवाज ऑलिव्हचा होता. मध्येच ती हसलीही. कित्येक महिन्यांत ते हसू हेस्टरनं ऐकलं नव्हतं.

ती परत आली. ऑलिव्ह गुडघे टेकून, खिडकीच्या दगडाला गाल लावून बसली होती.

"कुणाशी बोलतेयस?"

"हळू... ती शिवतेय."

हेस्टरनं वाकून पाहिलं. हातभर आत अंधार, आणि पुढे खिडकी बुजवणारा दगड. पण तिच्या तोंडावर ऊब आली. चुलीपाशी बसलेल्या माणसाच्या लोकरी कपड्यांना येते तशी, धुराचा वास असलेली. मग अगदी कानाशी, कुणीतरी दातांनी दोरा तोडला.

हेस्टरनं ऑलिव्हचं मनगट पकडलं. "ऊठ. घरी जायचं."

"थांब ना थोडं... ती म्हणते, दोघींपुरती जागा आहे."

"ऑलिव्ह, माझ्यासाठी ऊठ."

ऑलिव्हनं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग निमूटपणे उठली. फीत, कागद, चहाची बाटली, सगळं तिथंच टाकून हेस्टर तिला घेऊन बाहेर पडली.

धुकं इतकं दाट होतं, की फाटकाशी पोचेपर्यंतच हेस्टरच्या टोपीवरून पाणी ठिबकायला लागलं. बहीण हाताशी आहे, चालतेय, या विचारानं तिला हायसं वाटत होतं. घराच्या दारात ऑलिव्हचा कोट काढून घेताना मात्र तिचे हात थबकले.

कोट कोरडा होता. केसही कोरडे, ऊबदार, आणि त्यांना तोच धुराचा वास.

ऑलिव्ह उंबऱ्यातच उभी होती, मान किंचित मागे, धुक्याकडे वळवून.

"हो," ती हळूच म्हणाली, "ये ना आत."