पाणी पिणारा खड्डा

"हा खड्डा पानी पिऊन राह्यला," शाल्या म्हणाला आणि रिकामी बादली त्यानं काठावर आदळली.

"पानी खड्डा पेते, मंग तोंड तुहं काहून सुकलं?" चंपतनं विचारलं.

"हासू नको. बाकीच्या खड्ड्यांत एका बादलीत चिखल झाला. याच्यात किती ओतलं, तरी कोरडा तो कोरडाच."

अंजना खड्ड्याशी पालथी पडून आत बघत होती.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि इंझोरीत अंजनाच्या घरामागं नवा गोठा उभा राहत होता. जुन्या गोठ्याचे खांब वाळवीनं पोखरले होते. पावसाच्या आत बैलांच्या डोक्यावर छप्पर यायलाच हवं होतं. मानोऱ्याकडून गाडीभर मेढी आल्या होत्या. मेढी म्हणजे वर बेचकं असलेले जाड खांब. ते जमिनीत गाडायचे, बेचक्यांत आडं टाकायचं, आड्यावर वासे बांधायचे आणि वर गवत शाकारायचं. अंजनाच्या वडिलांनी, जानरावांनी, जागा आखून दिली आणि ते सामान आणायला मंगरूळपीरला गेले. काम सोपवलं धाकट्या भावावर, जगदेववर. जगदेवकाका हाताचे चपळ. पण धीर हा शब्द त्यांच्या गावी नव्हता.

खणताना जमीन मऊ यावी म्हणून खड्ड्यांत पाणी ओतायचं काम पोरांकडं होतं. बारा वर्षांची अंजना, तिचा धाकटा भाऊ शालिग्राम, ज्याला सगळे शाल्याच म्हणत, आणि सुट्टीला आलेला आतेभाऊ चंपत.

अंजनानं एक लांब तुराटी खड्ड्याच्या तळाशी टोचली. ती थोडी अडली, मग सरसर आत गेली आणि बोटांतून निसटली. खालून कुठूनतरी बारीक 'टक्' ऐकू आलं.

"काकाजी, खाली पोकळ हाय," ती धावत जाऊन म्हणाली.

"काळी जमीन हाय वं पोरी," काका हसले. "उन्हाळ्यात तिले भेगा पडतेत. भेगा पानी पेतेत. त्यात काय नवल?"

त्यांनी मेढ खड्ड्यात उतरवली, भोवती दगड ठोकले आणि ते पुढच्या खड्ड्याकडं वळलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना दात घासायच्या आधी तिकडं गेली. सगळ्या मेढी एका उंचीच्या होत्या. पाणी पिणाऱ्या खड्ड्यातली तेवढी वीतभर खाली गेली होती.

"बसली असंल," काका म्हणाले. "वर लाकडाचा तुकडा ठोकतो. झालं बरोबर."

"पन काकाजी, बाकीच्या काहून नाई बसल्या?"

"तू गोठा बांधून राह्यली का मी? जा, मायले चुलीले लाकडं दे."

अंजनानं आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, काकांचं काम काकांना करू दे. गड्यांनी आडं वर चढवलं आणि ते भाकरी खायला गेले. काका मात्र थांबले नाहीत. कुऱ्हाड त्याच मेढीत रुतवून ठेवून ते आड्यावर चढले आणि पाय सोडून वासे बांधू लागले. त्यांच्या प्रत्येक हालचालीबरोबर ती मेढ किंचित करकरत होती. अंजनाला तो आवाज दाताखाली खडा यावा तसा लागत होता.

"चंपत, पहार आन," ती हळूच म्हणाली.

कुंपणापासून सुरुवात करून ती पहारेचं बूड जमिनीवर आपटत पुढं सरकू लागली. बद्द. बद्द. बद्द. मग एकदम आवाज बदलला. रिकाम्या रांजणावर थाप मारावी तसा घुमला. अंजना जागच्या जागी थिजली. आपण पोकळ जागेवरच उभे आहोत, हे तिच्या ध्यानात आलं.

"शाल्या, मागं हो," ती म्हणाली. "पळू नको. हळू."

ती स्वतःही पाय न उचलता मागं सरकली. मग बाहेरच्या बाजूनं ठोकत, जिथं आवाज बदलेल तिथं ते चुलीतली राख टाकत गेले. शेवटी मेढीभोवती राखेचं मोठं गोल कडं उमटलं.

चंपतचा चेहरा उतरला. "अंजने, हे तं पेव दिसते."

पेव म्हणजे जमिनीखालचं ज्वारी साठवायचं कोठार. वर तोंड अरुंद आणि आत माणूस बुडेल एवढी खोल पोकळी. गावात अशी पेवं होती, पण इथंही एक असल्याचं कुणी कधी बोललं नव्हतं.

"काकाजी, खाली उतरा. मेढीखाली पेव हाय," अंजना ओरडली.

"पेव तिकडं चावडीमागं हायेत," वरून उत्तर आलं. "उन्हात नका खेळू."

चंपत आणि अंजनानं एकमेकांकडं पाहिलं. काका कुणाचं ऐकून खाली यायचे नाहीत. एकाच गोष्टीसाठी ते उतरले असते, ती म्हणजे त्यांची वांग्याची वाडी. तिला ते लेकरासारखं जपत.

"माय मारंन," शाल्या म्हणाला. त्यालाही कळलं होतं.

"मारू दे," अंजना म्हणाली.

चंपतनं लिंबाखालच्या बांड्या बैलाचं दावं सोडलं आणि वाडीचं फाटक उघडलं. बांड्याला आमंत्रणाची गरज नव्हती.

"काकाजी, बांड्या वांग्यात गेला."

काका सरसर खाली उतरले आणि बैलाच्या नावानं शंख करत वाडीकडं धावले.

काका परतून पुन्हा वर चढायच्या आत पेवाचं तोंड पाण्यानं ढासळवायला हवं होतं. जनावरांचा हौद उंचवट्यावर होता. अंजनानं पहारेनं हौदापासून राखेच्या कड्यापर्यंत पाट ओढला. कड्याच्या आत तिनं पाऊलही टाकलं नाही. पुढं उतारच होता. शाल्यानं हौदाचं बूच ओढलं. पाणी पाटातून पळत मेढीच्या बुडाशी गेलं आणि तिथं नाहीसं झालं.

काहीच होईना. हौद निम्मा झाला. आपलं चुकलं तर? वांगी गेली, पाणी गेलं, आता काका काय करतील?

तेवढ्यात मेढ हलली. एकदा डोलली आणि जमिनीनं गिळावी तशी सरळ खाली गेली. पाठोपाठ आडं कडाडून कोसळलं, वासे उधळले, धुळीचा लोट उठला.

काका बैलाचं दावं धरून परत आले ते तसेच उभे राहिले. जिथं ते मघाशी बसले होते, तिथं खाली काळं भगदाड होतं.

"बांड्याले कोनं सोडलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"म्या," चंपत म्हणाला.

"मीनं सांगतलं होतं," अंजना म्हणाली.

काकांनी मान हलवली. आवाज ऐकून गडी धावत आले, तशी काकांना लाज वाटू लागली. "दादा यायच्या आत निदान कुऱ्हाड तरी काढतो," म्हणत त्यांनी कमरेला दोर बांधला.

"उतरू नका," अंजना आडवी आली. पेव उघडल्यावर दिवसभर त्यात कुणी उतरत नाही, आतली कोंडलेली हवा माणूस मारते, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"दान्याच्या पेवात तसं होते वं. याच्यात दाना कुठं हाय?"

"आंबूस वास येऊन राह्यला, काकाजी. आधी कंदील सोडू. नाई इझला तं उतरा."

चंपतनं कंदील पेटवून आणला. एका गड्यानं कडेला आडवी फळी टाकली आणि तिच्यावरून दोरानं कंदील आत सोडला. पिवळा उजेड मातीच्या गोल भिंतीवरून खाली गेला. तळाशी काळी पडलेली, कुजलेली ज्वारी क्षणभर दिसली. मग ज्योत बारीक झाली, निळसर झाली आणि गेली. पुन्हा पेटवला, पुन्हा गेली.

काकांनी कमरेचा दोर सोडून बाजूला टाकला.

संध्याकाळी जानराव आले. सगळं काकांनीच सांगितलं, स्वतःची एकही चूक न लपवता. जानराव भगदाडाकडं बघत राहिले.

"आजानं एका पेवाचं तोंड बुजवलं म्हनत," ते म्हणाले. "कुठं बुजवलं, ते म्या कधी इचारलं नाई. जागा मीनंच आखली. तुह्या एकल्याची चूक नाई, जगदेव." मग त्यांनी अंजनाच्या डोक्यावर हात ठेवला. "तिघांनी मिळून आज माहा भाऊ वाचवला. बैलही वाचवले."

"अन् वांगे?" आईनं दारातून विचारलं. पण तिचे डोळे भरून आले होते.

पेव दगड-मुरुमानं भरलं आणि गोठा अलीकडं सरकवला. आता प्रत्येक खड्ड्यावर काका थांबत, अंजनाला हाक मारत आणि ती मान हलवेपर्यंत मेढ उचलत नसत. आडं चढलं त्या दिवशी नारळ त्यांनी तिच्याच हातात दिला. चार माणसांदेखत तिनं तो एका फटक्यात फोडला.

मग बैल आत नेले. सगळे हसत-बोलत खोबरं वाटत होते. अंजना दाराशी उभी राहून बैलांच्या खुरांकडं बघत होती. बांड्या आत गेला, फिरला, अंग टाकून बसला आणि रवंथ करू लागला. तेव्हा कुठं तिनं हातातलं खोबरं तोंडात टाकलं.