मागच्या गल्लीतलं पाणी

चौथ्या मजल्याच्या जिन्यात ती मटकन खाली बसली, आणि नेमका तेव्हाच तो वरून उतरत आला. हातात भला मोठा पाना, बाही कोपरापर्यंत भिजलेली.

"रस्ता अडवलात की!"

"पायच संपलेत माझे… ओलांडून जा."

तो गेला नाही. दोन पायऱ्या वर टेकला.

विद्यापीठात शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक वस्ती नेमून दिलेली. तिच्या वाट्याला आलं होतं घरोघरचं नळाचं पाणी तपासणं. तो त्याच वस्तीचा पंपचालक.

"मागच्या गल्लीतलं पाणी आधी तपासा," तो म्हणाला. "घरटी एक आजारी आहे तिथे. चार वर्षं सांगतोय. पण पंपवाल्याचं ऐकतंय कोण?"

त्याचं खरं निघालं. तिथल्या पाइपात गटाराचं पाणी शिरत होतं.

मग दोघांनी पालिकेत खेटे घालायला सुरुवात केली. साहेब बैठकीत आहेत, साहेब जेवायला गेलेत. बाकावर बसून बसून तिची पाठ धरायची. एकदा तर डुलकी लागली, आणि डोकं सरळ त्याच्या खांद्यावर… जाग आली तेव्हा तो श्वास रोखून ताठ बसलेला.

"उठवलं का नाही?"

"म्हटलं, कंटाळला असाल."

"कंटाळलेच आहे मी!"

"मीसुद्धा. पण — तुमच्याबरोबर कंटाळायला बरं वाटतं."

तिने तोंड फिरवलं. हसू काही लपलं नाही.

मध्यंतरी प्राध्यापकबाईंनी अहवाल वाचून गुण दिले. "सुटलीस गं! झालं तुझं काम."

"पाइप अजून तसाच आहे, बाई."

बाईंनी चष्मा काढला, तिच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मग उद्या मीही येते."

तिघं जाऊन बसली, तेव्हा कुठे साहेबांची सही झाली. पंधरा दिवसांनी पाइप बदलला. तिने पुन्हा पाणी तपासलं. स्वच्छ! गल्लीतल्या बायकांनी तिला घागरीतलं पाणी प्यायला लावलं.

सगळे पांगल्यावर दोघंच उरली.

"आता इथे यायला काही कारण उरलं नाही," ती म्हणाली. "आणि नवं शोधायचं त्राणही नाही."

"मग नको शोधूस," तो बोलून गेला आणि स्वतःच चपापला. इतक्या महिन्यांत त्याने तिला कधी अगं-तुगं केलं नव्हतं. "नुसती… ये."

"येईन की. पण आधी तू ये आमच्या घरी," ती दमल्या आवाजात म्हणाली. "आईला सांगून ठेवलंय. महिना झाला त्याला!"