दुसऱ्यांदा एक वाजला

त्या रविवारी पहाटे शारजातल्या हमरियाला जायचं होतं, ते फक्त एक घड्याळ बघायला. बाकी काही काम नव्हतं. आईने थर्मासमध्ये चहा दिला, बाबांनी दुबईतल्या अल कुसैसहून गाडीने सोडलं, आणि फ्री झोनच्या गेटवर उतरताना म्हणाले, "घाबरू नकोस." मी लगेच घाबरले. माझं असंच आहे. मागे कुणी खुर्ची सरकवली तरी माझ्या हातातला कप हिंदकळतो.

म्हणून तर आमचा लोडिंगवाला उपेंद्रदादा माझ्या केबिनमध्ये कधी एकदम यायचा नाही. आधी काचेवर अंगठीने वाजवायचा. टक... टक टक. मग हसत आत. "भित्रे, मीच आहे गं. भूत आलं तर ते माझ्यासारखं अपॉइंटमेंट घेऊन येणार नाही."

आमचं कोल्ड स्टोरेज आहे, गोठवलेल्या माशांचं. मालक लंडनचे, म्हणून दारांच्या सिस्टीमचं घड्याळही लंडनचं. कार्ड लावून माणूस आत गेला की बोर्डवर त्याचं नाव येतं, 'आत' या खान्यातला आकडा वाढतो, आणि वीस मिनिटांत तो बाहेर आला नाही तर केबिनमध्ये हॉर्न वाजतो. त्या थंडीत तासभर अडकलं तर आधी झोप येते, मग माणूस उठत नाही. साधी गोष्ट. फक्त ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनमध्ये दोन वाजायला येतात आणि घड्याळ पुन्हा एकावर जातं. तोच तास दुसऱ्यांदा. इथे दुबई-शारजात आपण घड्याळाला कधी हात लावत नाही, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. इथे तेव्हा पहाटेचे पाच वाजलेले असतात.

गेल्या वर्षी त्या पहाटे उपेंद्रदादा आत गेला तेव्हा बोर्डवर दोनला दहा कमी होते. हॉर्न दोन-दहाला वाजायचा. दोन वाजायच्या ऐवजी पुन्हा एक वाजला, आणि दोन-दहा यायला अख्खा तास जास्त लागला. दार आतून उघडायचा खटका बर्फाने धरला होता, आणि हॉर्न वाजून कुणी दार उघडेपर्यंत त्याचा जीव गेला होता. तो खटका दुरुस्त करा असं त्याने स्वतः तीनदा सांगितलं होतं. मी तेव्हा पुण्याला सुट्टीवर होते.

रिपोर्ट आमचे मॅनेजर विजयकुमार सरांनी लिहिला. हॉर्न वेळेवर वाजला, माणूस वीसच मिनिटं आत होता, हार्ट वीक असणार, त्याने लपवलं असणार. खलास.

हेमावहिनी, त्याची बायको, मला एकच विचारत राहिली. "तू कॉम्प्युटरचं शिकलीयेस ना गं? वीस मिनिटांत माणूस गोठतो?"

मी सरांना मेल केले. समोर बसून समजावलं. ते म्हणाले, "ईश्वरी, सिस्टीम सांगते तेच खरं. एका तासाने काय आभाळ कोसळतं?" शेवटी मीच म्हटलं, या वर्षी त्या वेळी तुम्ही स्वतः येऊन बघा. घड्याळ मागे जातं ते डोळ्यांनी बघा, आणि मग रिपोर्ट बदला. माझा आवाज इतका चढला होता की ते चक्क हो म्हणाले.

आले ते जांभया देतच. केबिनमध्ये फक्त मशीनची घरघर आणि तो वास... मासे, अमोनिया, ओला पुठ्ठा. लोडिंग मी त्या वेळेपुरतं बंद ठेवलं होतं. आत कुणी नव्हतं. बोर्डवर शून्य होतं.

दोन वाजायला आले. आणि एक वाजला.

"बघितलंत?" मी म्हटलं.

"बघितलं. बरं मग? यल्ला, घरी जाऊ."

तेवढ्यात बोर्डवरचं शून्य गेलं. एक आला. शेजारी नाव उमटलं. उपेंद्र. त्याचं कार्ड वर्षापूर्वी मीच बंद केलं होतं.

मग जाड दाराच्या पलीकडून...

टक... टक टक.

माझ्या हातातला चहा सगळा मांडीवर सांडला. भाजलं, तरी माझी नजर बोर्डवरच होती.

"पाइप वाजतोय," सर म्हणाले, पण हळू आवाजात.

"आणि नाव?"

"एरर आहे. सिस्टीम चुकते कधी कधी."

"गेल्या वर्षी नव्हती ना चुकत, सर?"

 ते चिडून उठले, स्वतःचं कार्ड लावलं आणि दार ओढलं. पांढरी वाफ बाहेर आली. "खटका नवीन बसवलाय. घाबरायचं काय त्यात? दाखवतो तुला तुझं भूत."

दार त्यांच्या मागे आपोआप बंद झालं. मी हँडल घट्ट धरून उभी राहिले. सोडलंच नाही. कान दाराला लावला होता. आतून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. माझ्या मनगटावरच्या घड्याळात दोन मिनिटं झाली आणि मला राहवेना. मी दार उघडलं.

सर माझ्या अंगावरच कोसळले. पापण्यांवर बर्फ. ओठ काळेनिळे. दोन्ही तळवे सोललेले, रक्त त्यावरच गोठलेलं.

"का नाही उघडलंस..." ते कुजबुजले. "तासभर... तासभर मारतोय मी दार... तो शेजारी उभा होता... नुसता बघत..."

 मला असा संताप आला, जसा आयुष्यात कधी आला नव्हता.

"बोर्ड बघा, सर. तुम्ही दोन मिनिटं आत होतात."

"खोटं आहे ते! घड्याळ खोटं आहे..."

"हेच लिहून द्या."

त्यांनी दिलं. त्याच सकाळी, बँडेज बांधलेल्या हाताने. उपेंद्र एक तास वीस मिनिटं आत होता, हॉर्न उशिरा वाजला, खटका बिघडल्याचं आम्हाला माहीत होतं. हेमावहिनीला मी ते फोनवर वाचून दाखवलं.  ती म्हणाली, "म्हणजे तो वाट बघत होता." आणि फोन ठेवला.

सिस्टीमचं घड्याळ आता आपल्या इथलं आहे. इथे कुठलाच तास परत येत नाही. ती अंगठीची टकटकही त्या दिवसापासून थांबली.

पण 'आत'चा आकडा शून्यावर येत नाही. एकच राहतो. नाव मात्र बदललंय. विजयकुमार.

ते रोज माझ्यासमोर बसतात. शारजाच्या उन्हातही स्वेटर घालून, गरम कप दोन्ही हातांत धरून. मी बोर्ड त्यांना दिसेल असा ठेवत नाही. मी त्यांना सांगितलेलंही नाही.

पहाटपाळीला दारापलीकडून आवाज येतो. दोन्ही तळव्यांनी कुणीतरी दार बडवत असतं. मी धावत जाऊन उघडते. दर वेळी. आत मासे असतात फक्त. दार लावलं की पुन्हा सुरू. आणि हॉर्न काही वाजत नाही.

या आठवड्यात तो आवाज जरा मंदावत चाललाय... आणि आज सकाळी सरांचा फोन आला. बरं वाटत नाही, म्हणाले. फार झोप येतेय.