हे चाकू कुणाचे

"तुमचे मिस्टर कुठे गेलेत?"

रोवीना टॅकेटनं मान वर केली. चौकड्यांच्या शर्टातले एक गृहस्थ तिच्या टेबलावर ओणवे झाले होते. सकाळपासून असे कितीतरी येऊन गेले होते. कुणी मिस्टरांना विचारत होतं, कुणी वडिलांना. एका आजोबांनी तर तिच्याच तोंडाकडे बघत विचारलं होतं, "बाळा, टेबल कोण सांभाळतंय?"

"मला मिस्टर नाहीत," ती म्हणाली. "चाकू माझे आहेत. काय विचारायचं ते मला विचारा."

"असू दे, असू दे," गृहस्थ समजूतदारपणे हसले. "थोड्या वेळानं चक्कर मारतो." आणि पलीकडच्या टेबलाकडे निघून गेले. तिथे मिशीवाला एक माणूस होता. त्याच्याकडचे अर्धे चाकू कारखान्याच्या खोट्या छापाचे होते, पण त्याला मिशी होती.

रोवीनाच्या कानशिलांत रक्त ठणकत होतं. टेनेसीच्या डोंगरांतल्या हॅरोज गॅप या गावी, शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये, चाकू जमवणाऱ्यांचा मेळावा भरला होता. पानगळीत एकदा आणि वसंतात एकदा भरायचा. रोवीना आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि शनिवार-रविवार म्हाताऱ्या माणसांच्या घरचं सामान विकायला निघालं की तिथल्या खणांत, बिस्किटांच्या डब्यांत, शिवणाच्या पेट्यांत हात घालायची. हरणाच्या शिंगाच्या मुठीचे शिकारी चाकू, हाडाच्या मुठीचे खिशातले चाकू… सगळे तिच्यापेक्षा वयानं मोठे. अकराव्या वर्षापासून जमवलेले. आणि लोक विचारत होते, मिस्टर कुठे.

तेवढ्यात कुणीतरी तिच्या टेबलाशी उभं राहून करकरीत सफरचंद कापलं.

माणसाकडे तिनं नंतर पाहिलं. आधी पाहिला तो चाकू. तीन पाती, हिरवट हाडाची मूठ, मुठीत बसवलेली कारखान्याच्या खुणेची ती छोटी धातूची ढाल.

"थांबा," ती म्हणाली. "हलू नका."

तो फोड ओठांशी धरून तसाच थांबला. "काय झालं? गांधीलमाशी बसलीय का?"

"तुमच्या हातात काय आहे, कळतंय का तुम्हाला?"

"सफरचंद."

"दुसऱ्या हातात."

"चाकू."

"मेरिवेदर आहे तो. हिरव्या हाडाचा मेरिवेदर. तो कारखाना माझ्या आईवडिलांच्या लग्नाआधीच बंद पडला. असा चाकू मी एकदाच बघितलाय, तोही काचेआड. आणि तुम्ही त्यानं… सफरचंद कापताय."

त्यानं चाकूकडे नव्यानं पाहिलं. "मग काय कापू?"

"काहीच कापू नका."

"चाकूनं?"

"हो. चाकूनं."

"सकाळी यानंच बुटाच्या तळाचा चिखल खरवडला," तो शांतपणे म्हणाला.

रोवीनानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्याच्या ओठांचा एक कोपरा वर गेलेला दिसला, आणि मग बाकीचा तो दिसला. उन्हानं रापलेला, तिशीचा, कोटाच्या बाहीवर वाळलेल्या पानाचा तुकडा. त्यानं पात्याच्या टोकावर एक फोड तिच्यापुढे केली.

"नको."

"घ्या हो. रस पात्यावर वाळला तर डाग पडेल."

तिनं फोड उचलली… फक्त पात्यासाठी. आंबटगोड होती. भरल्या तोंडानं रागावता येत नाही, याचाही तिला राग आला.

त्यानं चाकू पँटला पुसला (तिचा श्वास अडकला) आणि उघडाच तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडाकडे धरून पाहिला, कानाशी नेऊन दुसऱ्या पात्याचा खटका ऐकला, आणि पहिलं पातं उघडंच ठेवून परत दिला. दुसऱ्यानं उघडलेला चाकू आपण मिटला तर वाईट घडतं, असं त्या डोंगरांत मानतात.

"रीत माहीत आहे तुम्हाला," तो म्हणाला.

"मला पुष्कळ काही माहीत आहे. विकणार का?"

"छे. झेल्फाआत्यानं दिलाय. विकला तर ती थडग्यातून उठून येईल. आणि जिवंत होती तेव्हाही काही फार मायाळू नव्हती ती."

तो दोन पावलं गेला, परत आला. त्याचे कान लाल झाले होते.

"मी एमेट कॉग्डिल. वरच्या डोंगरधारेवर माझी सफरचंदांची बाग आहे. रविवारी तो घरीच असतो."

"कोण?"

"चाकू. बघायला यावंसं वाटलं तर…"

तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं, यानं मिस्टरांचं विचारलं नव्हतं. तिच्या बोटात अंगठी नाही, हे मात्र त्यानं बघून घेतलं होतं.

रविवारी ती गेली. तेलाची बाटली आणि मऊ फडकं घेऊन गेली, म्हणजे येण्याला कारण असावं. एमेट मागच्या पायरीवर बसून, कोयत्याला धार लावायच्या खरखरीत दगडावर मेरिवेदर घासत होता.

"देवा," रोवीना म्हणाली. "द्या इकडे तो. नाहीतर मी तुम्हाला त्या विहिरीत ढकलीन."

"या, बसा," एमेट म्हणाला. "कॉफी टाकलीय."

मग ती दर रविवारी जाऊ लागली. पानं झडली, डोंगर करडे झाले, बागेत बर्फाचा पातळ थर बसला. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं. ती त्याच्या चाकूला तेल देई, तो तिच्यासाठी घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव करी. तो फांद्या छाटायला निघाला की ती मागून सूचना देत हिंडे. त्याच्या घराच्या खिडक्या पुसायला हव्यात, असं तिला एकदा उगाचच वाटून गेलं. त्या दिवशी ती लवकर घरी गेली.

एकदा जेवताना तो म्हणाला, "एक विचारू? तुझ्या एवढ्या चाकूंपैकी एकानं तरी कधी काही कापलंयस?"

"मी? नाही."

"बिचारे," एमेट म्हणाला.

रोवीना ताट तसंच सोडून उठली आणि गाडी काढून निघून गेली. पुढचा सगळा आठवडा बस चालवताना ती त्याला उत्तरं देत होती, तीही मोठ्यांदा. मागच्या बाकांवरची मुलं आठवडाभर विलक्षण शहाण्यासारखी वागली.

रविवारी ती परत आली ती थेट फाटकातूनच बोलत.

"बिचारे नाहीत ते. ऐकून घे. ते चाकू ज्यांनी घडवले, त्यांची नावं कुठेही नाहीत. छाप मालकाच्या नावाचा. पण ज्या पात्याला नंतर कुणी धार लावली नाही, त्याची पहिली धार ही त्या कारागिराच्या हातची असते. त्याच्या दगडाचे बारीक ओरखडे असतात त्यावर, तिरपे. दगडावर एकदा घासलं की तो हात पुसला जातो. कायमचा. म्हणून नाही कापत मी. कळलं?"

एमेटच्या खांद्यावर शिडी होती. त्यानं ती हळूच खाली ठेवली.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू बिचारे म्हणालास."

"चुकलं माझं," तो म्हणाला. मग त्यानं खिशातला मेरिवेदर काढला. "पण मग… झेल्फाआत्यानं चाळीस वर्षं यानं कलमं केली. ही बाग या चाकूनं उभी केलीय तिनं. तिचाही हात आहे ना यावर?"

मुद्दा बिनतोड होता, आणि त्याचाच रोवीनाला भयंकर राग आला. पण त्या दुपारी तो कलम बांधत असताना तिनं फांदी धरली. मेरिवेदरनं त्यानं एक लांब, तिरका, स्वच्छ काप घेतला, आणि इतका सुंदर काप तिनं कधी पाहिला नव्हता. तसाच काप त्यानं खुंटावर घेतला, आणि दोन्ही काप एकमेकांवर बसले. वरून पट्टी गुंडाळताना त्याची गार बोटं तिच्या बोटांवरून गेली, एकदा… मग पुन्हा एकदा, गरज नसताना.

"घट्ट बांध," ती म्हणाली.

"बांधतोय," एमेट म्हणाला, आणि पट्टीकडे बघायचं विसरला.

वसंतातला मेळावा मोठा. त्यात मांडणीची स्पर्धा असते. रोवीनानं आपले शिकारी चाकू आणि खिशातले चाकू हिरव्या बनातीवर मांडले, प्रत्येकाखाली स्वतःच्या अक्षरात माहिती लिहिली. पेट्या एमेटनं उचलून आणल्या. दुपारी मंडळाचे अध्यक्ष बर्डवेलसाहेब माइकशी आले. पांढरे केस, गोड आवाज.

"यंदाचा पहिला मान," ते म्हणाले, "दिवंगत व्हर्जिल टॅकेट यांच्या संग्रहाला. काय पारख होती त्यांची, मंडळी. आणि त्यांच्या लेकीनं तो किती जिवापाड सांभाळलाय. ये बाळा, घे."

टाळ्या वाजल्या. रोवीना चालत पुढे गेली. पितळी ढालीवर वडिलांचं नाव कोरलेलं होतं. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बर्डवेलसाहेबांच्या हातातून माइक काढून घेतला.

"व्हर्जिल टॅकेट माझे वडील. पावाची गाडी चालवायचे. फार चांगला माणूस. त्यांनी जन्मात एकही चाकू विकत घेतला नाही. दोरी तोडायची तर दातांनी तोडायचे."

हॉलमध्ये हशा पिकला. ती हसली नाही.

"यातला प्रत्येक चाकू मी शोधलाय. मी ओळखलाय. स्पर्धेत मी माझं नाव दिलं होतं. कुणाला साधं विचारावंसंही वाटलं नाही?"

"अगं, एवढं काय त्यात," बर्डवेलसाहेब लाडानं म्हणाले. "घरातलंच तर आहे. टॅकेट ते टॅकेट."

"मग उद्यापासून अध्यक्ष म्हणून तुमच्या बायकोचं नाव लावू. बर्डवेल ते बर्डवेल."

आता कुणी हसलं नाही. मागे कुठेतरी एक बाई तेवढी हसली. "भारीच तिखट आहे," कुणीतरी पुटपुटलं. रोवीनानं ढाल टेबलावर पालथी ठेवली. वळून तिनं गर्दीत एमेटला शोधलं. तो भिंतीशी उभा होता, टोपी दोन्ही हातांत धरून. गप्प.

ती बाहेर पडली. पार्किंगमध्ये पाऊस लागला होता. मागोमाग एमेट आला, तिचा कोट घेऊन.

"नको मला तो," ती म्हणाली. "तोंडाला काय कुलूप लागलं होतं तुझ्या? अख्खा हिवाळा तू माझ्या तोंडून ऐकतोयस, कोणता चाकू कुठे मिळाला. त्या हॉलमध्ये एका माणसाला खरं माहीत होतं, आणि तो एक माणूस भिंतीला टेकून उभा."

"मी बोललो असतो तर त्यांनी लगेच मानलं असतं."

"मग?"

"माझं मानलं असतं, रोवीना. तुझं नाही." पाऊस त्याच्या भुवयांवरून ओघळत होता. "कॉग्डिल म्हणतोय म्हणजे खरं असेल, असं बोलत घरी गेले असते. तू तिथं उभी राहून स्वतः सांगत होतीस. त्यावर मी येऊन शिक्का मारायचा? तुझं सांगणं पुरे नव्हतं, असं झालं असतं ते." त्यानं टोपी पुढे केली. पिळून पिळून तिचा बोळा झाला होता. "सोपं नव्हतं गप्प बसणं. हिची दशा बघ."

रोवीनानं टोपी घेतली, झटकून सरळ केली आणि त्याच्या डोक्यावर दाबून बसवली.

"तू बरोबर बोलतोयस," ती म्हणाली. "त्याचाच मला जास्त संताप येतोय."

"घरी सोडू का?"

"घरी कशाला? टेबल माझं आहे."

त्याच्या ट्रकमध्ये सफरचंदांचं रिकामं खोकं होतं. तिनं त्याचं झाकण टरकावलं आणि जाड पेनानं लिहिलं: हे चाकू मी जमवले. विचारायचं ते मला विचारा. रोवीना टॅकेट. मग ओल्या केसांनी आत जाऊन ते टेबलावर उभं केलं आणि त्यामागे बसली.

एमेट टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, गिऱ्हाइकांत उभा राहिला.

"इकडे ये की," ती म्हणाली.

"नको. शेजारी बसलो तर म्हणतील, सापडले मिस्टर."

तिला हसायचं नव्हतं. फार प्रयत्न करावा लागला.

बराच वेळ लोक पाटी वाचत आणि बाजूनं निघून जात. मग मघाशी मागे हसलेली ती बाई आली. साठीची, हातात मोठी पर्स. तिनं पर्समधून रुमालात गुंडाळलेला एक बारकासा चाकू काढला. "माझ्या आईचा आहे. नवरा म्हणतो फेकून दे. तुम्ही सांगा." रोवीना सांगू लागली. ऐकायला एक तरुण थांबला, त्यानं शिकारी चाकूच्या चामडी म्यानाबद्दल विचारलं. त्याच्यामागे आणखी दोघं उभे राहिले. संध्याकाळी आवराआवरीच्या वेळी त्या टेबलाभोवती दाटी होती, आणि दाटीतून वाट काढत बर्डवेलसाहेब आले. चेहरा आंबलेला.

"ढालीवरचं नाव बदलून देऊ," ते म्हणाले. "झालं?"

"माइकवर सांगा."

त्यांनी सांगितलं. नाव चुकवलं, रोझिना म्हणाले. रोवीनानं जागेवरूनच ओरडून दुरुस्त केलं, आणि त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

सामान ट्रकमध्ये भरताना पाऊस बारीक झाला होता. रोवीना अजून धुमसत होती. एमेट शेवटची पेटी उचलत होता, तेव्हा ती एकदम म्हणाली, "एक आत्ताच सांगून ठेवते. लग्नानंतर मी आडनाव बदलणार नाही."

पेटी अर्ध्यावरच थांबली. "लग्न… कुणाशी?"

"तुझ्याशी. आणखी कोण उभं आहे इथे?"

"पण मी… मी अजून विचारलं नाहीये."

"तेच तर म्हणतेय. हिवाळाभर वाट बघितली मी. तू झाडांची लग्नं लावत बसलास."

त्यानं पेटी ट्रकमध्ये ठेवली, अगदी जपून, जशी तिनं ठेवली असती तशी. "फार रागावलीयस?"

"प्रचंड."

"मग आत्ता विचारू… की राग गेल्यावर?"

"हा आज जायचा नाही. तू आत्ताच विचार."

एमेटनं ओल्या बाहीनं तोंड पुसलं. बोलायला गेला, थांबला, आणि मग विचारलं, अगदी हळू, पावसात जेमतेम ऐकू येईल असं.

"हो," रोवीना म्हणाली, इतक्या जोरात आणि इतक्या रागानं की पलीकडे सामान भरणारी दोन माणसं दचकून बघू लागली. मग तिनं त्याच्या भिजलेल्या कोटात तोंड खुपसलं, आणि तिचे खांदे हसण्यानं हलताहेत हे त्याला कळायला थोडा वेळ लागला.