वळणापर्यंतचा रस्ता

लॅक्टोमीटर बुडवल्याशिवाय दुधावर विश्वास ठेवायचा नाही, अशा जातीचा माणूस होता नंदकुमार करंदीकर. आरे कॉलनीत दूध तपासायची नोकरी, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर, खिडकीतून दिसणारे म्हशींचे गोठे आणि त्यामागे गवताच्या टेकड्या. १९५४च्या मार्चमध्ये दूधशास्त्र शिकायला वर्षभर स्वित्झर्लंडला जाण्यासाठी त्याची निवड झाली, तेव्हा पेढ्यांच्या आधी त्यानं नकाशा आणला. परक्या मुलखात बावळटासारखं उतरायचं नाही, हा त्याचा हट्ट.

बायकोला न्यायची सोय नव्हती. सहा वर्षांच्या संसारात वसुधानं एकीकडे बोरिवली आणि दुसरीकडे घाटकोपरच्या नणंदेचं घर, यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. 'पुढच्या वर्षी जाऊ' हे त्यानं तिला इतक्यांदा ऐकवलं होतं की आता त्याचीच त्याला लाज वाटायची.

"वसू, असं करू. रोज मी वाचतो, तू ऐक. देश दोघं मिळून बघू."

"म्हणजे नेणार मला?"

"मनानं गं."

"चालेल की," ती म्हणाली. "मनानं तर मनानं."

दिवेलागणीनंतर दोघं खिडकीशी बसत. देश तो केवढासा, आणि कुठल्याच बाजूला समुद्र नाही, याचं वसुधाला फार नवल. "गुदमरत नाही त्यांना?" ती विचारायची. तो शिकणार होता त्या शाळेनं पाठवलेल्या पुस्तिकेत तिथल्या खेड्याचा हातानं काढलेला नकाशा होता. स्टेशन, लाकडी पूल, चर्च, गोठे, चढ, वळण आणि वर शाळा. नंदकुमार रोज थोडा रस्ता वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे निघायचा. वसुधा डोळे मिटून ऐकायची.

एप्रिलमध्ये एकदा ती म्हणाली, "पुलाला उजवीकडे कठडाच नाहीये हो. जपून जा."

नकाशात कठडा दाखवलेलाच नव्हता. गंमत म्हणून नंदकुमारनं शाळेला पत्रात विचारलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. उजवीकडचा कठडा शरदात पुरानं नेला होता, आणि ही गोष्ट मुंबईत कशी कळली, असं त्यांनीच उलट विचारलं होतं. योगायोग, असं म्हणून त्यानं ते पत्र फाईलला लावलं.

मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, वसुधाचे तळपाय गार लागू लागले. एका सकाळी तिच्या लुगड्याच्या काठाला वाळल्या गवताच्या काड्या चिकटलेल्या होत्या. आरेतलं पानन्‌पान नंदकुमार ओळखायचा. हे गवत त्याला ओळखता आलं नाही.

त्या संध्याकाळी वाचन शाळेखालच्या वळणापर्यंत आलं आणि त्यानं पुस्तिका मिटली.

"वाचा ना," वसुधा डोळे न उघडता म्हणाली. "वळणावर उभी आहे मी."

"पुरे झालं आता. उद्यापासून बंद."

"अहो, असं अर्ध्यावर नका सोडू! दोनच मिनिटं. मला इथून मागे फिरता येत नाहीये."

"वेडेपणा पुरे म्हटलं ना!" तो ओरडला. पुस्तिका ट्रंकेत टाकून त्यानं कुलूप लावलं. भीती वाटली होती आणि ती त्यानं रागात दडवली. दोन मिनिटांचा रस्ता होता. त्या दोन मिनिटांसाठी पुढे तो जन्मभर हळहळला.

त्यानंतर वसुधा घरात होती, पण नसल्यासारखी. दूध उतू जायचं आणि ती समोर उभी असायची. डॉक्टर अशक्तपणा म्हणाले. सोबतीला घाटकोपरहून नंदकुमारची बहीण पद्मजा येऊन राहिली. सप्टेंबरात बोटीचा दिवस आला.

निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं ही घरची रीत. वसुधानं ती चुकवली नाही. नंदकुमारनं दही चाटलं, आणि पाहतो तर तिनं स्वतःचाच उजवा हात पुढे धरलेला.

"माझ्या हातावर कुणी ठेवलंच नाही," ती म्हणाली. "मी तर तुमच्या आधी निघाले."

खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती. "येतो" म्हणून तो जिना उतरला. वळून पाहिलं तेव्हा तिचा हात तसाच होता.

नोव्हेंबरात त्या खेड्यात पहिला बर्फ पडला. मंगळवारी भल्या सकाळी नंदकुमार शाळेतून उतरून वळणापर्यंत आला आणि थांबला.

बर्फात अनवाणी पावलं होती. लहान, बायकी. दुसऱ्या बोटाला जोडव्याची खूण. खालून वर येऊन ती वळणाशी थांबली होती, आणि तिथल्या तिथेच फिरली होती. पुढे एकही नाही.

बाजूच्या बुटक्या भिंतीवरच्या बर्फात एक खळगा होता. उताणा हात टेकल्यासारखा. मनगटापाशी बांगड्यांच्या रेघा.

उरलेला रस्ता मोठ्यानं सांगावा, असं त्याच्या मनात आलं. पण मग ती कायमची इथलीच होईल. तिला घरी धाडलं पाहिजे.

खोलीत त्यानं स्वतः विरजलेलं दही होतं. चमचाभर आणून त्यानं त्या खळग्यात ठेवलं.

"जा, वसू," तो म्हणाला. "घरी जा."

दुपारी पाहिलं तर बर्फ कोरा होता. पाऊल नाही, खळगा नाही. नंदकुमार कित्येक महिन्यांत नव्हता झोपला तसा त्या रात्री झोपला.

दुसऱ्या दिवशी तार आली. पत्र बारा दिवसांनी आलं, पद्मजाच्या हातचं.

'दादा, मंगळवारी सकाळी वहिनी किती दिवसांनी माझ्याकडे बघून हसली रे. उजवा हात तोंडाशी नेला, तळहात चाटला. उठून उंबरठ्यापर्यंत गेली, तिथे बसली, आणि गेली. काही त्रास झाला नाही. तू रीतीनं निरोप दिला असतास तरी याहून शांत गेली नसती.

एक कोडं मात्र सुटत नाही. आंघोळ घालताना तिच्या हाताला दही लागलेलं होतं. आपल्याकडे त्या दिवशी विरजण लागलंच नव्हतं.'