अबोलीचा वाफा आणि मगरीची पाठ

एकच घाट, एकच डांबर, एकच पाऊस आणि एकच बस. बाकीचा अकरा किलोमीटर रस्ता किरकोळ खरचटण्यावर निभावला. मग वाघजाळीच्या थांब्यासमोरची तीस पावलंच तेवढी मगरीच्या पाठीसारखी का फुटली?

हे कोडं सोडवायला पौषातल्या एका सकाळी सहा पायांचा एक यंत्रमानव टकटक करत घाट चढून आला. त्याच्या छातीवरच्या पाटीवर ‘पथदर्शी-सात’ असं नाव होतं. सहावीतल्या शलाकानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तिथल्या तिथं त्याचं बारसं उरकलं. त्याचं नाव ठेवलं खेकडोबा.

खरं सांगायचं तर शलाकाला त्या कोड्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला आई हवी होती.

आई, म्हणजे वैजयंता, कोकणातल्या समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर होती. दर दुसऱ्या शनिवारी ती बिनचालकाच्या बसनं घरी यायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची. त्या बसला ना इंजिनाचा आवाज, ना हॉर्न. थांब्याजवळच्या अबोलीच्या वाफ्यात बसून शलाका खाली मान घालून गजरा गुंफायची. फुटक्या डांबरावर चाकं खडखडली की मान वर करायची. ती खडखड झाली म्हणजे आई आली, हे इतकं ठरलेलं होतं की शलाकाला तो आवाजही गोड वाटायचा.

पण बिनचालकाची बस रस्ता पारखून चालते. गणपती विसर्जनानंतर एके दिवशी तिनं वाघजाळीचा रस्ता धोक्याचा ठरवला आणि ती घाटाखालूनच परत फिरायला लागली. पाठोपाठ तिथं अडसर बसला आणि सगळीच वाहनं बंद झाली. दिवाळीत आई अकरा किलोमीटर चढून आली होती. दिवेलागणीला पोचली, शलाकाच्या केसांना तेल लावलं आणि उजाडायच्या आत निघाली. तिच्या टाचांना आलेले फोड बघून भैरू आज्जानं तिला, आपल्या लेकीला, बजावलं, “आता अशी येऊ नगंस.”

तेव्हापासून आई फक्त पडद्यावर. पडद्यावर ती दिसायची, बोलायची, हसायची. पण पडद्याला वास नसतो. आईच्या कपड्यांना खाऱ्या वाऱ्याचा आणि खोबरेल तेलाचा मिळून जो वास यायचा, त्यासाठी शलाका झुरत होती. आईची जुनी ओढणी तिनं उशाखाली ठेवली होती. हुंगून हुंगून तिचाही वास संपला होता.

“या रस्त्याची दोनदा दुरुस्ती झाली आणि दोनदा वाया गेली,” खेकडोबा पुस्तकातल्यासारखं बोलत होता. “कारण सापडल्यास तिसरी दुरुस्ती मंजूर होईल. न सापडल्यास रस्ता कायमचा बंद करण्यात येईल. अहवाल आज सायंकाळी पाठवायचा आहे.”

“कायमचा?” ती धावत घरात गेली. “आज्जा, ऊठ! कारण हुडकायचं हाय!”

भैरू आज्जा जन्मभर मैलकुली (ठरावीक मैलांचा रस्ता राखणारा सरकारी मजूर) होता. त्याला निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी कुदळ दाराआडच होती. ती त्यानं खांद्यावर टाकली, भाकरीचं फडकं शलाकाच्या हातात दिलं, आणि तिघं निघाले. खेकडोबानं शास्त्राप्रमाणे आधी लांबची भेग बघायची ठरवली.

पहिल्या वळणावर रस्त्याला आरपार एक भेग होती, या काठापासून त्या काठापर्यंत.

“ही आडवी भेग,” खेकडोबा वाकून म्हणाला. “डांबर नवे असते तेव्हा ते ताणले जाते. ऊन आणि हवा लागून वर्षानुवर्षे त्यातला तेलकटपणा जातो आणि ते ठिसूळ होते. थंडीत रस्ता आकसतो. ठिसूळ डांबराला ताण सोसत नाही, मग ते मधोमध तुटते.”

“म्हातारं झालं म्हण की सरळ,” आज्जा म्हणाला. “थंडीत माझं बी गुडघं असंच धरत्यात.”

“आपल्या गुडघ्यांची नोंद माझ्याकडे नाही,” खेकडोबा गंभीरपणे म्हणाला. त्यानं भेगेत गरम हवा फुंकली. माती, पाला, ओल सगळं उडून गेलं. मग त्यानं रबर मिसळलेलं पातळ डांबर भेगेत भरलं.

“आधी साफ कशाला केलीस?” शलाकानं विचारलं.

“धुळीला डांबर चिकटत नाही. आणि भेग वेळीच बुजवली नाही, तर तिच्यातून पाणी आत शिरते. रस्त्याचा खरा शत्रू चाक नाही. पाणी आहे.”

आज्जानं यावर नुसती कुदळ उचलली आणि तो पुढं चालू लागला. एरवी तो यंत्राला एकही वाक्य फुकट जाऊ देत नव्हता.

पुढच्या वळणावर चंद्रकोरीसारख्या भेगा होत्या. तिथं बस ब्रेक लावायची. वरचा थर घालताना खालचा थर नीट झाडलेला नव्हता, म्हणून दोन्ही थरांची पकड बसली नाही आणि चाकांच्या रेट्यानं वरचा थर सरकला. दरीच्या बाजूला काठाला समांतर एक लांबलचक भेग होती. साइडपट्टीची माती वाहून गेल्यामुळं काठाला आधार उरला नव्हता. खेकडोबा प्रत्येक भेग मोजत होता, फोटो काढत होता. शलाकाचं मात्र लक्ष उन्हाकडं होतं. सूर्य डोक्यावरून कलला होता आणि तीस पावलांचं कोडं अजून तसंच होतं.

शेवटी तिघं थांब्यावर आले. डांबराचे बारीक बारीक तुकडे झाले होते, जाळी पसरावी तसे. पाय दिला की एखादा तुकडा हलायचा.

“या मगरपाठ भेगा,” खेकडोबा म्हणाला. “या थकव्यामुळे पडतात.”

“रस्ता दमतो?”

“तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच. पण रस्ता खाली टणक असेल तर तो फारसा वाकतच नाही.”

शलाकाला ते पटलं नाही. तेव्हा आज्जानं फडक्यातली शिळी भाकरी काढली आणि सपाट दगडावर ठेवली. “दाब अंगठ्यानं.”

शलाकानं दाबली. भाकरीला काही झालं नाही. मग आज्जानं तीच भाकरी ओल्या मातीवर ठेवली. “आता दाब.”

शलाकानं अंगठा टेकवला मात्र, भाकरीला खालून तडा गेला. पुन्हा पुन्हा दाबल्यावर तिचे तुकडे तुकडे झाले, अगदी समोरच्या रस्त्यासारखे.

“भाकरी तीच, अंगठा बी त्योच,” आज्जा हळू म्हणाला.

“म्हणजे खालचं मऊ झालंय!” शलाका ओरडली. “म्हणून वरून दोनदा नवं डांबर घातलं तरी भेगा परत वर आल्या!”

“तर्क योग्य आहे.” खेकडोबानं पोटातून एक पोकळ नळी काढून रस्त्यात फिरवली आणि वर ओढली. नळीत वर डांबर होतं, त्याखाली खडी, आणि खडीखाली लोण्यासारखा चिखल. त्यातून पाणी ठिबकत होतं.

“पाऊस संपून तीन महिने झाले. हे पाणी कुठले?” खेकडोबानं डोळे डोंगराकडं फिरवले. “वर झरा आहे. त्याचे पाणी रस्त्याखाली शिरू नये म्हणून डोंगराच्या कडेला चर (पाणी वाहून नेणारी लांब नाली) खोदलेला असतो. माझ्या नकाशात तो आहे. येथे दिसत नाही.”

शलाकाची नजर अबोलीच्या वाफ्यावर गेली.

चर होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत होता. आई नोकरीला गेली त्या पहिल्या महिन्यात शलाका रोज थांब्यावर येऊन रडायची. बसायला जागा नव्हती, म्हणून तिनं चरात दगड टाकले. दगडांवर माती ओढली. मातीत अबोली लावली, कारण आई अबोलीचाच गजरा माळायची. झऱ्याची ओल असल्यामुळं झाडं अशी फोफावली की सगळं गाव वाहवा करायचं. ओल कुठून येते, हे तिला ठाऊक होतं. पुढं ती कुठं जाते, याचा विचार तिनं कधी केला नव्हता.

म्हणजे आईची बस तिनंच अडवली होती. आईची वाट बघण्यासाठी केलेल्या वाफ्यानं.

काही बोललं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. अबोली उपटायला लागणार नव्हती. पण मग अहवालात कारण नसणार, आणि रस्ता बंद. शलाकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“म्या बुजवला चर,” ती म्हणाली. “आईसाठी. म्याच बुजवला.”

आज्जानं कुदळ खाली ठेवली आणि तिला जवळ घेतलं. “तुला कळत नव्हतं, पोरी. मला कळत हुतं. चाळीस वर्सं चर उपसलं म्या. तू दगड टाकत हुतीस तवाच सांगाया पायजे हुतं. पर त्या दिवशी पयल्यांदा तू रडायची थांबलीस. माझ्या तोंडातनं शब्दच फुटंना. पुढं रस्ता फुटला, तवा तर लाज वाटाय लागली.”

खेकडोबाचे दिवे लुकलुकत राहिले.

“माझ्या अहवालात अशा कारणासाठी रकाना नाही,” तो शेवटी म्हणाला. “मी ‘पाण्याचा निचरा बंद’ असे लिहितो. तेही खरेच आहे. मात्र चर आजच मोकळा व्हायला हवा.”

शलाकानं डोळे पुसले आणि स्वतःच्या हातानं पहिलं झाड मुळासकट काढलं. एकेक करून सगळी अबोली तिनं थांब्याच्या वरच्या अंगाला, उंचवट्यावर नेऊन लावली. आज्जानं दगड उपसले. ऊन उतरायच्या सुमाराला शेवटचा दगड निघाला आणि झऱ्याचं पाणी खळखळत जुन्या वाटेनं रस्त्याखालून पाणी पलीकडं नेणाऱ्या मोरीकडं धावलं. खेकडोबानं अहवाल पाठवला.

मंजुरी आली. खेकडोबाचे आणखी चार भाऊबंद आले आणि त्यांनी ती तीस पावलं खोल उकरली. चिखल काढला, तळ सुकवला, नवी खडी पसरून रोलरनं दाबली, आणि सगळ्यांत वर ताजं डांबर घातलं. त्या डांबरात लोखंडाचे केसासारखे बारीक धागे होते.

“हे कशाला?” शलाकानं विचारलं.

“हा प्रयोग आहे. बारीक भेग पडली की मी वरून विजेवर चालणारे एक वेटोळे फिरवीन. त्याने धागे तापतील, डांबर मऊ होईल आणि भेग आपोआप मिटेल. एक दिवस असे रस्ते सर्वत्र असतील. मात्र चर त्यांनाही लागेल.”

“चराचं मी बघते,” शलाका म्हणाली. “वेटोळं फिरवायला बी शिकव की.”

माघातला दुसरा शनिवार आला. आदल्या दिवशी वारं सुटलं होतं आणि चरात पालापाचोळा साठला होता. बसला अजून वेळ आहे म्हणून शलाका चरात उतरली आणि रस्त्याकडं पाठ करून पाला काढत बसली. तिचे कान त्या जुन्या खडखडीकडं लागले होते. पण खडखडायला आता रस्त्यात काही उरलंच नव्हतं.

आवाज आला नाही. आला तो वास. खाऱ्या वाऱ्याचा आणि खोबरेल तेलाचा.

शलाकानं झटकन मागं वळून पाहिलं. चराच्या काठावर आई उभी होती, आणि तिच्या मागं बस मुकाट्यानं वळत होती. चिखलानं माखलेले हात शलाकानं तसेच आईच्या गळ्यात टाकले आणि तिच्या खांद्यात नाक खुपसलं.

“आगं, बस आलेली कळली न्हाई व्हय तुला?” आई हसत म्हणाली.

“न्हाई,” शलाका नाक वर न काढताच म्हणाली. “रस्ता बरा झालाय.”